उघड्या फ्रिजचा ठराव

उघड्या फ्रिजने खोली गार होत नाही, उलट तापते. एवढं साधं वाक्य अच्युत धैर्यवानांनी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गिरगावातल्या आपल्या बिल्डिंगीत किमान चाळीस वेळा उच्चारलं. चाळीसही वेळा समोरच्याने त्यांच्याकडे, यांना ऊन बाधलंय की काय, अशा नजरेने पाहिलं. सेक्रेटरीला सांगून झालं, जिन्यात भेटेल त्याला सांगून झालं, शेवटी मोरीचा नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरलाही सांगून झालं. प्लंबर म्हणाला, "बरोबर आहे साहेब तुमचं." अच्युतरावांना अगदी भरून आलं. त्यांनी त्याला चहा दिला. चहा संपवून त्याने विचारलं, "मग साहेब, किती वेळ उघडा ठेवायचा?"

मूळ भानगड अशी, की बिल्डिंगीचा एक सार्वजनिक फ्रिज होता. तीनशे दहा लिटरचा, पिवळा पडलेला, वर्षातून दोनदा कामाला येणारा: गणपतीत हार ठेवायला आणि सत्यनारायणाला आइस्क्रीम ठेवायला. एरवी तो तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात उभा असे आणि लोक त्याच्यावर छत्र्या ठेवत. एप्रिलच्या शेवटी नोटीस आली, की आगीच्या दृष्टीने जिने मोकळे करा, पंधरा दिवसांत. सेक्रेटरी यतीन वेलकरच्या डोक्याला विचार करायला पंधरा दिवस पुष्कळ होतात. त्याने पाचव्या दिवशीच तोड काढली.

"नलूताईंकडे टाकू," तो म्हणाला. "गच्चीखालची खोली, नुसती भट्टी असते. फ्रिज चालू करायचा, दार उघडं ठेवायचं. जिना मोकळा, म्हातारीला गारवा."

नलूताई वरच्या मजल्यावर एकट्या राहत. वय एक्याऐंशी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून उभी हयात घालवलेली बाई. कॅनडातल्या भाच्याने मागल्या वर्षी एसी घेऊन देतो म्हटलं होतं, तर त्यांनी फोनवरच त्याला झाडलं: "दारंखिडक्या लावून कोंडून घ्यायला मी काय आढीतला आंबा आहे?" तेव्हा एसीचा विषय संपलेला होता. पण त्यांच्या खोलीत दुपारी चौतीस-पस्तीस डिग्री असते हे खरं, आणि त्यांना दोनदा घेरी आली होती हेही खरं. शेजारच्याच दारात राहणाऱ्या अच्युतरावांनी त्यांना दोन्ही वेळा उठवून बसवलं होतं. म्हणूनच यतीनची तोड ऐकून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे, फ्रिज थंडी तयार करत नाही!" ते ओरडले. "तो पोटातली उष्णता उचलतो आणि पाठीमागून बाहेर टाकतो. दार उघडं ठेवलंस की पुढून खोलीतली उष्णता उचलणार आणि मागून त्याच खोलीत ओतणार. वर त्याच्या मोटारीची उष्णता वेगळी. घरातलं पाणी बादलीने उपसून घरातच ओतायचं, त्यातला प्रकार आहे हा. त्या बाईला शिजवून काढाल तुम्ही!"

"काका, पण फ्रिज उघडला की गार वाटतं ना?"

"तोंडाला वाटतं! खोलीला नाही!"

तिथे प्रफुल्ल राणे उभे होते. बँकेतून निवृत्त झालेले, आणि कुठल्याही विषयावर बोलायला अनुभव पुरेसा असतो असं मानणारे. ते म्हणाले, "अच्युतराव, परवा मी रात्री पाण्याची बाटली काढायला म्हणून फ्रिज उघडला. काय झुळूक आली! आता ही झुळूक खोटी म्हणायची का?" आणि मग, डोळे बारीक करून, "तुम्ही कॉलेजात होतात ते ठाऊक आहे. पण प्रोफेसर नव्हतात ना?"

हे मात्र नको होतं. अच्युतराव प्रोफेसर नव्हते. फिजिक्सच्या प्रयोगशाळेत लॅब असिस्टंट होते, चौतीस वर्षं. चौतीस वर्षांत तीन हेड ऑफ द डिपार्टमेंट आले आणि गेले, त्यांतल्या एकालाही गॅल्व्हॅनोमीटरची तार लावता येत नव्हती. परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक कानाशी येऊन विचारत, "धैर्यवान, या सेटवर उत्तर किती यायला पाहिजे हो?" पोरं मनाने रीडिंग ठोकून द्यायची, ते अच्युतरावांना लांबून वास आल्यासारखं कळायचं. स्वतः त्यांनी आयुष्यात एक रीडिंग खोटं लिहिलं नाही. निवृत्तीच्या दिवशी कॉलेजने शाल आणि नारळ दिला, आणि त्यांनी मागून घेतलेला एक पाऱ्याचा थर्मामीटर. आणि आता यांना प्रफुल्ल राणे विचारतात, प्रोफेसर होतात का!

ठीक आहे, अच्युतराव म्हणाले, प्रयोग करू. विज्ञानात बाचाबाची नसते. फ्रिज तेवढ्यापुरता नलूताईंकडे न्यायचा, दोन तास उघडा, खोलीची दारंखिडक्या बंद, आत चिटपाखरू नको, थर्मामीटर खोलीच्या मधोमध छातीच्या उंचीवर टांगलेला. दोनला सुरुवात, चारला कमिटीसमोर वाचन. नलूताईंना तेवढा वेळ बेबीने आपल्याकडे बसवायचं. बेबी म्हणजे सौ. धैर्यवान. त्यांचं पाळण्यातलं नाव वेगळं आहे, पण ते आता फक्त रेशनकार्डाला आठवतं.

विज्ञानात चिटपाखरू नसतं, बिल्डिंगीत असतं. दोन तासांत ते दार अकरा वेळा उघडलं गेलं. कोणी प्रयोग कसा चाललाय बघायला आलं. कोणी नुसतंच गार हवेत उभं राहायला आलं. पहिल्या मजल्यावरच्या देविका कोठारे श्रीखंडाचं पातेलं घेऊन आल्या, "उघडाच आहे तर सेट होईल" म्हणून. आणि प्रफुल्ल राणे आले, त्यांनी टांगलेल्या थर्मामीटरकडे पाहिलं, पारा छत्तिसाच्या वर गेलेला दिसला. बिचारा उगाच गरमीत लटकतोय असं वाटून त्यांनी तो सोडवला आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवला.

चारला यतीनने सगळ्यांदेखत थर्मामीटर बाहेर काढला. "नऊ डिग्री!" टाळ्या पडल्या. अच्युतराव म्हणत राहिले, की अहो हे फ्रिजचं टेंपरेचर आहे, खोलीचं नाही. पण टाळ्या पडल्यावर म्हणणाऱ्याचं कोण ऐकतं? देविकाबाई सगळ्यांना श्रीखंड वाटत होत्या. अच्युतरावांनाही वाटी मिळाली. त्यांनी ती निषेध म्हणून अर्धी ठेवली.

इथवर गोष्ट निदान मूर्खपणाची होती. पुढे ती कायद्याची झाली. सामायिक मालमत्ता एका सभासदाच्या खोलीत ठेवायची म्हणजे ठराव हवा, म्हणून यतीनने खास सर्वसाधारण सभा बोलावली. विषय क्रमांक एक: उघड्या फ्रिजने खोली गार होते याची नोंद घेणे व त्यानुसार कार्यवाही करणे. नोंद घेणे! निसर्गाचा नियम, आणि त्याची नोंद कोण घेणार, तर वेलकर, राणे आणि कोठारे! अच्युतराव रात्रभर भाषण तयार करत होते. वहीची नऊ पानं झाली, दोन आकृत्यांसकट.

सभेत ते उभे राहिले. यतीनने रजिस्टर चाळलं, चष्मा वर केला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "काका, एक अडचण आहे. तुम्ही सभासद नाही."

खोली बेबीच्या वडिलांची होती. भाडेपावती त्यांच्या नावावर, सोसायटी झाली तेव्हा बेबीच्या. अच्युतराव अडतीस वर्षं तिथे राहत होते, गणपतीत लायटिंग तेच करत होते, टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह तेच बदलत होते, पण कायद्याने ते बिल्डिंगीचे जावई होते. सहयोगी सभासद व्हायचं तर अर्ज तीन प्रतींत, फोटोसकट, आणि तो मंजूर करायला कमिटीची सभा, आणि ती या सभेनंतर.

अच्युतरावांनी कोपऱ्यात बसलेल्या कादंबरीकडे पाहिलं. देविका कोठाऱ्यांची ही मुलगी, मेकॅनिकल इंजिनीअर, चांगल्या कंपनीत. आदल्याच दिवशी जिन्यात ती त्यांना म्हणाली होती, "काका, तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. पण मला यात पाडू नका हं. पासपोर्टसाठी सोसायटीचं पत्र पाहिजे, त्याच्यावर यतीनकाकांची सही बाकी आहे." आता ती मोबाइलमध्ये मान खुपसून बसली होती. देशातल्या विज्ञानाचं पुढे काय होणार ते अच्युतरावांना तिथे बसल्या बसल्या कळलं.

मतदान हात वर करून झालं. सतरा हात वर गेले. त्यांतला एक बेबीचा होता.

"तू?" घरी आल्यावर अच्युतरावांनी विचारलं. "तू हात वर केलास?"

"अहो, नलूताईंनी स्वतः केला. मग मी कशी नाही म्हणू?"

"अगं, पण खोली तापते!"

"तापत असेल. त्यांना हवाय ना?" बेबी बोंबील साफ करत होत्या, त्यांनी वरही पाहिलं नाही. "आणि नऊ पानं कोण ऐकणार होतं हो? निदान चार पानांत बसवायचं."

फ्रिज नलूताईंकडे कायमचा गेला. अच्युतरावांनी हार मानली नाही. रोज चारला ते काहीतरी निमित्त काढून शेजारी जात आणि खिशातला थर्मामीटर हळूच काढून वाचत. सदतीस. साडेसदतीस. सदतीस. सहा दिवसांची रीडिंगं त्यांनी तक्त्यात भरली, आलेख काढला आणि वॉर्ड ऑफिस गाठलं.

पहिल्या खिडकीने आरोग्य खात्याकडे पाठवलं. आरोग्य खात्याने विचारलं, की फ्रिजमध्ये काही कुजलंय का? नाही? मग आमच्याकडे कसं येणार? पुढच्या टेबलाने सांगितलं, की ऊन आपत्ती व्यवस्थापनात येतं, फ्रिज येत नाही. त्याच्या पुढच्या टेबलावरच्या बुधाजी नावाच्या वयस्क कारकुनाने मात्र तक्ता शेवटपर्यंत वाचला. आलेखही पाहिला. असा सरळ आलेख खूप दिवसांत पाहिला नाही म्हणाला. अच्युतरावांनी त्याच्या टेबलावर जवळजवळ डोकं टेकवलं.

"फक्त एक आहे," बुधाजी म्हणाला. "अर्ज तुमचा, त्रास दुसऱ्याला. ज्या बाईंना त्रास होतोय त्यांची सही आणा, मी लगेच इनवर्ड करतो. एक इन्स्पेक्टर पाठवतो. तो सरळ फ्रिज उचलायला लावेल."

अच्युतराव टॅक्सीने परत आले. एरवी ते एवढ्या अंतराला टॅक्सी करत नाहीत.

दुपारचे साडेतीन. नलूताईंच्या खोलीत त्या दिवसाची बैठक बसलेली होती. प्रफुल्ल राणे, देविकाबाई, तळमजल्यावरची दोन जोडपी, कोणाची तरी पाहुणी, कोणाचे तरी भावोजी, सगळे फ्रिजच्या तोंडाशी अर्धगोल करून. कोणी कैरीचं पन्हं आणलेलं, कोणी भेळ. सगळे घामाने निथळत होते आणि सगळे म्हणत होते, काय गार वाटतंय. अच्युतराव ते पांगेपर्यंत थांबले. मग त्यांनी अर्ज नलूताईंच्या पुढे ठेवला, तक्ता दाखवला, आलेख दाखवला, सगळं पहिल्यापासून समजावलं.

"आणि ताई, त्या फ्रिजचं एक सोडा. ही माणसं! एक माणूस नुसता बसला तरी शंभर वॅटच्या बल्बाएवढी उष्णता टाकतो. इथे बारा बसतात. म्हणजे बाराशे वॅट! तुम्ही शेगडी पेटवून बसताय रोज."

नलूताईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"मला ठाऊक आहे रे," त्या म्हणाल्या. "माझीच खोली, मला नाही कळणार तापते ते? प्रयोगाच्याच दिवशी कळलं."

"मग हात कशाला वर केलात?"

"अच्युत, पस्तीस वर्षं कानात माणसांचे आवाज होते. ट्रंक कॉल, लोकल कॉल, भांडणं, रडणं. निवृत्त झाले आणि एका दिवसात सगळं बंद. पुढली तेवीस वर्षं या खोलीत कोण आलं? तू आलास, बेबी आली, आणि मीटर बघणारा. आता रोज बारा जणं येतात. फ्रिज बघायला येतात हे कळतं मला. येऊ देत की. त्या राण्याच्या गप्पा म्हणजे शुद्ध थापा आहेत, पण रोज ऐकायला मिळतात." त्यांनी अर्ज घडी करून अच्युतरावांच्या हातात दिला. "तू फ्रिज उचललास की हे सगळं जाईल. सही नाही करणार मी."

"आणि पुन्हा घेरी आली तर?"

"तर निदान बारा जणांसमोर येईल."

अच्युतरावांना राग आला. राण्यांचा नाही, यतीनचा नाही, कोणाचा ते त्यांनाही नीट कळेना. बाईला दोनदा खाली पडलेलं त्यांनी पाहिलं होतं. खोली तापत राहिली तर ती तिसऱ्यांदा पडणार होती. फ्रिज काढला तर ती एकटी पडणार होती. आणि आपण जाऊन "खोली गार होते" असं खोटं रीडिंग द्यावं, हे तर मेलं तरी होणार नव्हतं. ते घरी येऊन पंख्याखाली बसले. पुन्हा उठले. पुन्हा बसले. बेबीने विचारलं काय झालं, तर म्हणाले, "काही नाही. नियम आडवा आलाय."

आणि मग नियमातूनच वाट दिसली. नलूताईंची जोडखोली, तिला गॅलरीत दोन दारं. एक वापरातलं, दुसरं वर्षानुवर्षं बंद, त्याच्यापुढे ट्रंका रचलेल्या. फ्रिजचं तोंड खोलीत आणि पाठ त्या दाराच्या चौकटीत ठेवली, बाजूच्या फटी बुजवल्या, तर पुढून उचललेली उष्णता खोलीत पडणार नाही, गॅलरीत पडेल. चौकटीच्या बाहेर एक इंच आला नाही, तर नोटीसवाल्यांनाही बोलायला जागा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अच्युतरावांनी स्वतः ट्रंका हलवल्या, तळमजल्यावरच्या दोघांना बोलावून फ्रिज सरकवला, गणपतीच्या मखराचा उरलेला थर्माकोल कापून फटींत बसवला आणि वरून चिकटपट्टी मारली. पंखा असा लावला, की गार हवा नलूताईंच्या खुर्चीकडे जाईल. यतीन येऊन विचारून गेला, "काका, तोंड फिरवलंत का नुसतं?" अच्युतराव दात ओठ खाऊन "हो" म्हणाले.

दुपारी चारला त्यांनी थर्मामीटर काढला. बारा माणसं आत असताना पारा कालच्यापेक्षा तीन डिग्रीने खाली होता. आणि फ्रिज नव्हता त्या दिवसांत याच वेळी असायचा त्याच्यापेक्षाही पाऊण डिग्रीने खाली. पाऊण म्हणजे अगदी पाऊण. अच्युतरावांनी तीनदा वाचला, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणून. हा आकडा खरा होता आणि त्यांनी तो कमावला होता. त्यांनी तोंड उघडलं.

"बघा!" यतीन त्यांच्या आधी म्हणाला. त्याने त्यांच्या खांद्यावरून पारा पाहिला होता. "काका, आता तरी मान्य करा. आम्ही पहिल्यापासून काय सांगत होतो? उघड्या फ्रिजने खोली गार होते! स्वतःच्या थर्मामीटरने सिद्ध केलंत तुम्ही."

"अनुभव," प्रफुल्ल राणे म्हणाले. "शेवटी अनुभव."

पुन्हा टाळ्या पडल्या. यतीनने तिथल्या तिथे जाहीर केलं, की पुढल्या इतिवृत्तात ठरावाची यशस्वी अंमलबजावणी आणि सेक्रेटरींचं अभिनंदन अशी नोंद घेऊ, आणि श्री. धैर्यवान यांनी आपली हरकत मागे घेतली असंही लिहू. अच्युतरावांच्या कानशिलातून वाफा निघत होत्या. नऊ पानं जिभेच्या टोकाशी येऊन उभी होती. त्यांनी नलूताईंकडे पाहिलं. त्या पन्ह्याचा पेला हातात धरून त्यांच्याकडेच पाहत होत्या, एकटक.

अच्युतरावांनी थर्मामीटर खिशात घातला आणि ते एक शब्द न बोलता बाहेर पडले. हे त्यांनी कसं केलं ते त्यांनाच माहीत.

दारात बेबी पदराने वारा घेत उभ्या होत्या. "अहो, आज आपल्याकडे हे काय उकडतंय? दारात उभं राहवत नाही. नुसते झळांवर झळा येतायत."

"फ्रिजची पाठ आहे ती. आपल्या दाराशेजारी."

"म्हणजे नलूताईंची गरमी आपल्या दारात?"

"उष्णता नाहीशी होत नाही, बेबी. एकीकडून काढली की ती दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जातेच."

"आणि ती आपल्या दारात कोणी आणून टाकली?"

"मी."

 भांडण होईल असं अच्युतरावांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना एक भांडण हवंच होतं. पण बेबीने आत जाऊन तळलेल्या बोंबलांची ताटली आणली, तिच्यावर दुसरी झाकली. "मग मी तिकडेच जाते बसायला," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

अच्युतराव खुर्ची घेऊन आपल्याच दारात बसले. झळा बसत होत्या. त्यांनी थर्मामीटर टांगला: साडेअडतीस. वहीत लिहून घेतलं. शेजारून राण्यांची कुठलीशी थाप ऐकू येत होती, हशा येत होता, बोंबलांवर कोण तुटून पडलंय तेही कळत होतं. वहीत त्यांनी हिशेब मांडला. बेबी गेली, म्हणजे आत आता तेरा. आणखी एक माणूस गेला तर चौदा. चौदाशे वॅट. एवढ्या मेहनतीची पाऊण डिग्री, तिची जेमतेम अर्धी उरणार.

"अच्युत!" आतून नलूताईंचा आवाज आला. "कुठे आहेस रे? तुझी खुर्ची मोकळी ठेवलीय."

"येत नाही! तुमची खोली तापेल!" अच्युतराव ओरडले.

"तापू दे."

अच्युतरावांनी वही मिटली. अर्धी तर अर्धी, ते पुटपुटले, आणि अजूनही धुमसत, कपाळाला आठ्या घालून, ते उठून शेजारी गेले.